खेचरांचा विहार आणि उपग्रहाची नजर

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो आणि साधु-साध्वींचा विहार पुन्हा सुरू होतो. नेमक्या त्याच दिवसांत जालन्याच्या घाणेवाडी तलावावर आणि पैठणच्या नाथसागरावर दुसरे एक आगमन होत असते. पहाटेच्या धुक्यात बदकांचे थवे पाण्यावर उतरलेले दिसतात. तलवार बदके, थापट्या, केशरी अंगाचे चक्रवाक आणि एखाद्या वर्षी डोक्यावर दोन काळे पट्टे मिरविणारे कादंब हंस त्यांत असतात. ज्वारी हुरड्यावर येऊ लागली की भोरड्यांचे थवेही शिवारावर घिरट्या घालू लागतात. मोंढ्यात माल आणणाऱ्या शेतकऱ्याला भोरडी ठाऊक असते ती कणसांची शत्रू म्हणून. हीच भोरडी मध्य आशियात टोळांचा फडशा पाडून तिकडच्या शेतकऱ्याचे पीक वाचविते, हे मात्र त्याच्या कानावर क्वचितच गेलेले असते.

जैन शास्त्रांनी पंचेंद्रिय तिर्यंचांचे जलचर, स्थलचर आणि खेचर असे भेद सांगितले. पाचवे तीर्थंकर भगवान सुमतिनाथ यांचे लांछन श्वेतांबर परंपरेत क्रौंच, तर दिगंबर परंपरेत चकवा म्हणजे चक्रवाक मानले जाते. परंपरा दोन आणि पक्षीही दोन. पण दोन्ही पक्षी प्रवासी आहेत, हा योग मोठा मनोज्ञ आहे. लडाख, तिबेट, मंगोलिया येथील थंड सरोवरांकाठी त्यांची घरटी असतात आणि हिवाळा ते आपल्याकडे काढतात. देरासरात नित्य दर्शन घेणाऱ्या कितीजणांच्या मनात, हा चकवा येतो कोठून आणि जातो कोठे, असा प्रश्न आला असेल? विज्ञानाला मात्र या प्रश्नाने दोनशे वर्षे झपाटून टाकले आहे.

बाणापासून वाळ्यापर्यंत

पक्षी ऋतुमानानुसार नाहीसे होतात हे माणसाला फार पूर्वीपासून दिसत होते; ते जातात कोठे, हे कळत नव्हते. युरोपात पाकोळ्या चिखलात दडून थंडी काढतात, असे भलेभले विद्वान मानीत. या समजुतीला पहिला जबर धक्का बसला तो १८२२ मध्ये. जर्मनीच्या उत्तर भागातील क्ल्युट्झ या गावी एक पांढरा बलाक मारला गेला. त्याच्या मानेत सुमारे पाऊण मीटर लांबीचा एक बाण आरपार रुतलेला होता. त्या बाणाचे लाकूड युरोपातले नव्हते. ते मध्य आफ्रिकेतले होते. आफ्रिकेत शिकाऱ्याने मारलेला बाण मानेत वागवीत तो पक्षी हजारो किलोमीटर उडत आला होता आणि मायभूमीत पोहोचल्यावर बंदुकीला बळी पडला. तो बलाक आजही रॉस्टॉक विद्यापीठात जपून ठेवलेला आहे. पक्ष्यांच्या स्थलांतराचा हा पहिला ठळक पुरावा दोन वेळच्या हिंसेतून हाती आला, ही गोष्ट अहिंसेच्या उपासकाने विसरू नये अशी आहे.

पुढे १८९९ मध्ये हान्स क्रिश्चन मॉर्टेन्सन या डेन्मार्कमधील शिक्षकाने मैनेच्या कुळातील स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायांत क्रमांक आणि पत्ता कोरलेली धातूची हलकी वाळी घातली व त्यांना सोडून दिले. बाणाची जागा वाळ्याने घेतली. पक्षी जिवंत राहू लागला आणि त्याचा पत्ताही लागू लागला. आज जगभर वापरली जाणारी वलयांकनाची पद्धत ती हीच.

भारतात या कामाला खरा वेग आला तो मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीमुळे. १८८३ मध्ये स्थापन झालेली ही संस्था बीएनएचएस या नावाने ओळखली जाते. डॉ. सालिम अली यांच्या पुढाकाराने १९५९ मध्ये तिने पक्षी-स्थलांतराचा मोठा प्रकल्प हाती घेतला. त्यासाठी पैसा दिला जागतिक आरोग्य संघटनेने, आणि त्यामागचे कारणही व्यवहारी होते. १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि माणसांना जीवघेणा ताप येऊ लागला. या रोगाचे विषाणू प्रवासी पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडांतून आले असावेत काय, अशी शंका होती. शंकेचा निर्णय काहीही लागो, तिच्या निमित्ताने हजारो पक्ष्यांच्या पायांत वाळी पडली. प्रत्येक वाळ्यावर एक क्रमांक आणि इंग्रजीत एवढाच मजकूर असे की, हा पक्षी सापडल्यास मुंबईच्या या संस्थेस कळवावे.

या कामात पक्षी धरण्याचे कसब ज्यांनी पुरविले ते लोक मोठे विलक्षण होते. बिहारमधील मीर शिकार समाजाचा पिढीजात धंदा पक्षी पकडून विकण्याचा. बांबूच्या काड्या, घोड्याच्या केसांचे फासे आणि विविध पक्ष्यांच्या हुबेहूब साद घालण्याची कला, एवढेच त्यांचे भांडवल. त्यांपैकी अली हुसेन यांना सालिम अलींनी संस्थेच्या कामात घेतले. जो हात पक्ष्याला पिंजऱ्यात घालीत होता, तोच हात आता त्याच्या पायात वाळे अडकवून त्याला आकाशात सोडू लागला. कसब तेच राहिले, हेतू पालटला. कर्मसिद्धान्ताच्या अभ्यासकाला यापेक्षा बोलके उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

वाळ्यांची एक मर्यादा मात्र उघड आहे. वाळे घातलेला पक्षी पुन्हा कोणाच्या तरी हाती लागला तरच नोंद पुरी होते, आणि लहान पक्ष्यांच्या बाबतीत शंभरांत एखादाच सापडतो. जेथे वाळे घातले आणि जेथे ते सापडले, ती दोन टोके तेवढी कळतात; मधला मार्ग कोराच राहतो. खातेपुस्तकात आरंभीची आणि अखेरची शिल्लक लिहिलेली आहे, पण मधल्या व्यवहारांची पानेच फाटली आहेत, अशी ही अवस्था.

पाठीवरील यंत्र

ती फाटलेली पाने जोडण्याचे काम उपग्रहांनी केले. १९७८ पासून फ्रान्स व अमेरिका यांच्या सहकार्याने आर्गोस नावाची यंत्रणा काम करीत आहे. पक्ष्याच्या पाठीवरील लहानसे यंत्र ठरावीक काळाने रेडिओ-संदेश सोडते. वरून जाणारा उपग्रह तो टिपतो. आगगाडी जवळ येताना तिची शिटी कर्कश वाटते आणि दूर जाताना आवाज खाली उतरतो, हा अनुभव सर्वांचा आहे. उपग्रह आणि पक्षी यांमधील अंतर बदलताना संदेशाच्या कंपनसंख्येतही असाच फरक पडतो, आणि त्यावरून पक्षी कोठे आहे याचे गणित मांडता येते. या यंत्रणेत भारताचाही वाटा आहे. इस्रोने २०१३ मध्ये सोडलेल्या सरल या उपग्रहावर आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या ओशनसॅट-३ वर आर्गोसची उपकरणे बसविलेली आहेत. सायबेरियातील एखाद्या पक्ष्याची खबर आज भारतीय उपग्रहामार्फत फ्रान्समधील तुलूझला जाऊ शकते.

दुसरी पद्धत आपल्या खिशातील मोबाइलसारखी आहे. यंत्रातील जीपीएस स्वतःचे स्थान काही मीटरच्या अचूकतेने नोंदवून ठेवते. पक्षी मोबाइल मनोऱ्याच्या टप्प्यात आला की साठविलेल्या नोंदी एसएमएस किंवा डेटाच्या रूपाने संशोधकाकडे जातात. पाठीवर नखाएवढे सौरपत्र असल्याने विद्युत्घट उन्हावर भरत राहतो. ही पद्धत स्वस्त पडते. पण किती स्वस्त, याचा एक मासला व्यापारी वाचकांना रुचेल.

रशियातील नोवोसिबिर्स्क येथील संशोधकांनी गवताळ प्रदेशातील गरुडांवर अशी यंत्रे बसविली होती. २०१९ च्या उन्हाळ्यात मिन नावाची एक मादी कझाकस्तानात जेथे मोबाइलचे जाळेच नाही अशा भागात राहिली. तिच्या यंत्रात शेकडो संदेश साचत गेले. ते तेथल्या तेथे गेले असते तर प्रत्येकी सुमारे १५ रूबल पडले असते. परंतु ही बाई निघाली ती थेट इराणात पोहोचली आणि तेथील मनोरा लागताच साचलेले सारे संदेश एकदम सुटले, प्रत्येकी ४९ रूबल दराने! रोमिंगच्या एका बिलात प्रकल्पाचा पैसा संपला. संशोधकांना कर्ज काढावे लागले. मग त्यांनी ‘गरुडाच्या मोबाइलमध्ये पैसे भरा’ असे आवाहन केले. लोकांनी वर्गणी दिली आणि अखेर मोबाइल कंपनीनेच ते देणे माफ करून पुढे सवलतीचा दर लावला. याच जातीचे गरुड हिवाळ्यात बिकानेरजवळ जोडबीड येथे मोठ्या संख्येने उतरतात. आपल्या भागात फिरणाऱ्या एखाद्या पाहुण्याचे बिल रशियात कोणी तरी भरीत असेल, ही कल्पनाही मौजेची आहे.

तिसरे साधन सर्वांत हलके, एक ग्रॅमहूनही कमी वजनाचे. त्यात असते फक्त एक घड्याळ आणि प्रकाश मोजणारा कण. दिवस किती मोठा होता यावरून अक्षांश आणि मध्यान्ह किती वाजता झाली यावरून रेखांश, असा हिशेब जुने नावाडी करीत. तोच येथे उपयोगी पडतो. अडचण एवढीच की नोंदी वाचण्यासाठी तोच पक्षी वर्षानंतर पुन्हा धरावा लागतो. याच साधनाने आर्क्टिक सुरय हा जेमतेम शंभर ग्रॅमचा पक्षी वर्षाला सरासरी ७० हजार किलोमीटर उडतो, हे २०१० मध्ये सिद्ध झाले. उपग्रहाने तर त्याहूनही अचंब्याच्या गोष्टी दाखविल्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये गॉडविट जातीचे पाच महिन्यांचे एक पिल्लू अलास्काहून निघाले आणि ११ दिवस कोठेही न थांबता, अन्नपाण्याशिवाय, १३,५६० किलोमीटर कापून टास्मानियात उतरले. अठ्ठाई करणाऱ्या तपस्व्यांच्या घरातही या उपवासाची वार्ता आदराने ऐकली जाईल.

नाथसागरावर येणाऱ्या कादंब हंसांविषयी शतकभर एक आख्यायिका होती की, ते एव्हरेस्टच्या माथ्यावरून उडत येतात. उपग्रह-यंत्रांनी ती तपासली. सर्वाधिक नोंदलेली उंची निघाली ७,२९० मीटर. माथा नव्हे, पण तेथील विरळ हवेत माणसाला प्राणवायूच्या नळीवाचून चार पावले टाकणेही अवघड. आणखी एक गोष्ट उघडकीस आली. हे हंस उगाच उंची गाठत बसत नाहीत. डोंगराच्या चढउतारांना धरून तेही कधी वर, कधी खाली होत जातात. मिळविलेली उंची सोडून पुन्हा चढणे खर्चिक वाटते खरे. पण विरळ हवेत उंचावर तरंगत राहणे त्याहूनही महाग पडते. खर्चाचा ताळेबंद त्यांनी माणसाच्या आधीच मांडून ठेवला आहे.

पांगतीचे परिवर्तन

या साऱ्या यंत्रांनी केवळ ज्ञानात भर घातली असती तरी ते पुरे होते. परंतु नागालँडमध्ये घडले ते वेगळेच. अमूर ससाणा हा दीडशे-दोनशे ग्रॅम वजनाचा लहान शिकारी पक्षी. चीन, मंगोलिया व रशियाच्या सीमेवरील अमूर नदीच्या खोऱ्यातून तो निघतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ईशान्य भारतात विसावा घेऊन दक्षिण आफ्रिकेकडे जातो. नागालँडच्या वोखा जिल्ह्यात दोयांग धरणाच्या काठी त्यांचे लाखोंचे थवे उतरतात. २०१२ मध्ये बानो हारालू, रामकी श्रीनिवासन, शशांक दळवी आणि रोकोहेबी कुओत्सू यांनी तेथे जाऊन जे पाहिले व चित्रित केले, त्याने जग हादरले. झाडांमध्ये मासेमारीची जाळी बांधून दिवसाला १२ ते १४ हजार ससाणे धरले जात होते. एका हंगामात सव्वा लाखाच्या घरात पक्षी मारले जात असावेत, असा त्यांचा अंदाज होता. गावकरी क्रूर होते असे म्हणणे सोपे आहे. वस्तुस्थिती अशी की, धरणात त्यांची शेते बुडाली होती आणि हा हंगामी रोकडीचा एकच मार्ग त्यांना दिसत होता.

पुढच्या वर्षी, २०१३ मध्ये, पांगती व आसपासच्या गावांच्या पंचायतींनी, चर्चने आणि वनखात्याने मिळून बंदी घातली. त्या हंगामात एकही जाळे लागले नाही. त्याच नोव्हेंबरात डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचे डॉ. सुरेश कुमार आणि हंगेरीचे तज्ज्ञ यांनी तीन ससाण्यांच्या पाठीवर पाच-पाच ग्रॅमची यंत्रे बांधली. नावे ठेवली नागा, वोखा आणि पांगती. गावाचे नाव घेऊन पक्षी निघाला! तो आज कोठे आहे, समुद्र ओलांडला काय, सोमालियात पोहोचला काय, याची खबर दररोज येऊ लागली. ज्या पक्ष्याची किंमत कालपर्यंत बाजारात ठरत होती, तो आता परगावी गेलेल्या मुलासारखा झाला. त्याचे कुशल विचारावे, त्याची वाट पाहावी. वसंतात तो परत फिरला तेव्हा गावाला आनंद झाला. कायद्याचा दंडुका जे साधू शकला नसता, ते एका नावाने साधले.

या ससाण्यांच्या वाटेचा आपल्याशीही संबंध आहे. नागालँड-मणिपूर सोडल्यावर ते मध्य व पश्चिम भारतावरून अरबी समुद्राकडे झेपावतात. ती झेप कोकण किंवा गुजरातच्या किनाऱ्यावरून असते. नोव्हेंबर २०२५ मध्ये मणिपुरात यंत्र बांधलेल्या आपापांग नावाच्या नराने ७६ तासांत सुमारे ३,१०० किलोमीटर अंतर न थांबता तोडले. दिवसाला हजार किलोमीटर! समुद्रावर त्यांना खायला काय मिळते, हे कोडे होते. पाण्यावरून याच दिशेने लाखोंच्या संख्येने चतुर उडत जातात आणि ससाणे वाटेत त्यांनाच टिपीत असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात.

चातकाची गोष्ट तर मराठवाड्याच्या जिव्हाळ्याची. ढगाकडे चोच करून पावसाच्या थेंबाची वाट पाहणारा चातक कवींनी अजरामर केला, आणि तो आफ्रिकेतून मान्सूनच्या वाऱ्याबरोबर येतो असा पक्षितज्ज्ञांचा तर्क होता. हवामानाच्या अभ्यासाला त्याचा उपयोग होईल काय, हे पाहण्यासाठी २०२० मध्ये डेहराडूनच्या शास्त्रज्ञांनी दोन चातकांवर दोन-दोन ग्रॅमची यंत्रे बसविली. त्यांची नावे मेघ आणि चातक. त्याच वर्षी टाळेबंदीत सारे जग घरात कोंडलेले असताना ओनॉन नावाचा एक कुकू पक्षी आफ्रिकेतून अरबी समुद्र ओलांडून मध्य प्रदेशात उतरला, आणि मेअखेर मंगोलियात आपल्या मूळ ठिकाणी पोहोचला. जाऊन येऊन सुमारे २६ हजार किलोमीटर आणि १६ देश, ना पासपोर्ट, ना तपासणी.

ठाण्याची खाडी आणि खीचन

महाराष्ट्रातील महत्त्वाचा प्रयोग झाला तो ठाण्याच्या खाडीत. २०१५ मध्ये अभयारण्य आणि २०२२ मध्ये रामसर स्थळ म्हणून मान्यता मिळालेल्या या खाडीत दरवर्षी लाखाहून अधिक रोहित पक्षी येतात. जानेवारी २०२२ मध्ये बीएनएचएसने वनविभागाच्या मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनच्या साहाय्याने सहा रोहितांवर सौर जीपीएस यंत्रे बसविली. त्यांना मॅककॅन, लेस्टर, सालिम, खेंगार, हुमायून आणि नवी मुंबई अशी नावे दिली. त्यांतील हुमायून पावसाळ्याच्या तोंडावर एका रात्रीत गुजरातच्या भावनगर किनाऱ्यावर जाऊन थडकला. परंतु लांबच्या उड्डाणापेक्षा जवळच्या हालचालींचा हिशेब अधिक मोलाचा ठरला. ओहोटीला हे पक्षी खाडीच्या चिखलात चरतात आणि भरतीचे पाणी चढले की नवी मुंबईतील उथळ तलावांवर जाऊन विसावतात. खाडी आणि तलाव यांचे नाते माणसाच्या घरातील स्वयंपाकघर आणि शयनगृहासारखे आहे. एक राखून दुसरे बुजविले तर घर राहात नाही.

हे तलाव म्हणजे इमारतींसाठी डोळ्यांत भरणाऱ्या जागा. जवळच्या नव्या विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरवरून उतरणाऱ्या एका प्रवासी विमानाला रोहितांचा थवा धडकला आणि ३९ पक्षी मेले. पक्षी कोणत्या वेळी, किती उंचीवरून, कोणत्या दिशेने उडतात याच्या नोंदी हाती असतील तर अशा धडका टाळता येतात. त्यात पक्ष्यांइतकेच विमानातील प्रवाशांचेही हित आहे. नवी मुंबईत आपल्या समाजाची कितीतरी कुटुंबे स्थायिक आहेत आणि त्यांतील अनेक बांधकाम-व्यवसायात आहेत, ही गोष्ट येथे नोंदविलेली बरी.

जैन समाज आणि प्रवासी पक्षी यांचे नाते पाहायचे तर राजस्थानातील फलोदीजवळच्या खीचनला जावे लागते. सत्तरच्या दशकात रतनलाल मालू हे तेथील जैन गृहस्थ कबुतरांना दाणे टाकीत. एका हिवाळ्यात त्या दाण्यांवर काही कुरजां, म्हणजे करकोचे उतरले. पुढच्या वर्षी ते अधिक आले. दाण्यांची पोती वाढत गेली, कुत्र्यांपासून रक्षणासाठी कुंपण घालून चुग्गाघर उभे राहिले. व्यापारासाठी दूर चेन्नईपर्यंत पांगलेल्या खीचनच्या कुटुंबांनी धान्य व पैसा पुरविला. आज हिवाळ्यात वीस हजारांहून अधिक करकोचे तेथे येतात आणि २०२५ मध्ये खीचनला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. श्रावकांच्या दानाला जगाने दिलेली ही पोचपावतीच म्हणायची. मंगोलियातील करकोच्यांवर बसविलेल्या यंत्रांनी एक नवल दाखविले आहे. येताना ते हिमालय ओलांडून सरळ येतात, परतताना मात्र पश्चिमेकडून वळसा घालून जातात. वाऱ्याची दिशा आणि वाटेतील चाऱ्याचा हंगाम पाहून मार्ग ठरतो. दूरच्या पेठेला जाणारा शहाणा व्यापारी तरी दुसरे काय करतो?

दयेच्या दोन कसोट्या

येथे एक प्रश्न टाळता येत नाही. मोकळ्या पक्ष्याला फासात धरायचे, त्याच्या पाठीवर ओझे बांधायचे, यात हिंसा नाही काय? धरताना तो घाबरतो, काही वेळा इजाही होते, हे शास्त्रज्ञ स्वतः मान्य करतात. म्हणूनच यंत्राचे वजन पक्ष्याच्या वजनाच्या तीन टक्क्यांहून, फार तर पाच टक्क्यांहून अधिक असू नये असा दंडक आहे; त्यासाठी प्रत्येक पक्षी आधी तोलला जातो. शांतिनाथ भगवंतांच्या पूर्वभवातील राजा मेघरथाने कबुतराला तराजूत घातले ते त्याचे प्राण वाचविण्यासाठी. येथेही तराजू आहे आणि पारड्यात पक्षीच आहे. पट्टे कालांतराने झिजून आपोआप गळून पडतील असे बनविले जातात आणि परवानगीवाचून हे काम करता येत नाही. तरीही केवळ कुतूहलापोटी किंवा प्रसिद्धीसाठी यंत्र बांधणे योग्य ठरत नाही. तीन ससाण्यांना काही क्षण दिलेल्या त्रासातून लक्षावधी ससाण्यांना अभय मिळाले असेल, तर तो हिशेब वेगळा. प्रमत्तयोग आणि यतना यांतील भेद जाणणाऱ्या वाचकाला अधिक सांगणे नलगे.

दुसरी कसोटी आपल्या अधिक जवळची आहे, आणि ती गोशाळेच्या दारात उभी आहे. भारतातील गिधाडे नव्वदच्या दशकात अचानक नाहीशी होऊ लागली. काही जातींत शंभरांपैकी पंचाण्णवांहून अधिक गेली. २००४ मध्ये कारण सापडले: जनावरांच्या वेदना व सूज कमी करण्यासाठी दिले जाणारे डायक्लोफेनॅक. ते औषध अंगात असलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले की त्यांचे मूत्रपिंड निकामी होते. २००६ मध्ये पशुवैद्यकीय वापरासाठी त्यावर बंदी आली. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोहोचतच राहिल्या. म्हणून २०१५ मध्ये मोठ्या बाटल्यांवरही बंदी आली, आणि २०२३ मध्ये एसिक्लोफेनॅक व किटोप्रोफेन यांवरही. पांजरपोळात वृद्ध, लंगडे जनावर आणले जाते ते करुणेने. त्याला वेदनाशामक टोचले जाते तेही करुणेनेच. परंतु त्याच सुईतून गिधाडाचा मृत्यू जाऊ शकतो. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित ठरलेले औषध सहज मिळते. गोशाळेचे विश्वस्त औषधांचे बिल मंजूर करतात तेव्हा त्यावरील नाव वाचण्यास अर्धा मिनिटही पुरतो.

या गिधाडांचाही माग आता उपग्रह काढीत आहेत. हरियाणातील पिंजोरच्या केंद्रात वाढविलेली दहा गिधाडे जानेवारी २०२४ मध्ये ताडोब्यात आणि दहा पेंचमध्ये आणली गेली. त्यांना तेथील हवापाण्याची सवय झाल्यावर, ऑगस्टच्या सुमारास, पाठीवर यंत्रे बांधून सोडण्यात आले. ताडोब्याच्या एन-११ या गिधाडाने सुमारे चार हजार किलोमीटरची भ्रमंती केली. अनेक राज्ये ओलांडून ते तामिळनाडूत पोहोचले आणि वर्षअखेरीस तेथे विजेच्या तारेला लागून मेले. यंत्र नसते तर ते कोठे व कशाने मेले, हे कोणालाच कळले नसते. तारा कोठे जमिनीखालून न्याव्यात, कोठे त्यांवर दिसतील असे चकचकीत फलक लावावेत, हे अशाच मृत्यूंच्या नोंदींवरून ठरते. खीचनलाही तारांना लागून करकोचे मरत, म्हणून ग्रामस्थांना झगडावे लागले होते.

जालन्याला पिण्याचे पाणी जायकवाडीतून येते. १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाचा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. आता तेथे पाण्यावर तरंगता सौर प्रकल्प उभारण्याची योजना आहे. तिच्याविरुद्धचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये फेटाळला. वीज हवीच आहे, आणि पोलादाच्या भट्ट्या चालविणाऱ्या जालन्याला ती अधिकच हवी आहे. सौरपत्रे पाण्याच्या कोणत्या भागावर पसरावीत आणि कोणता उथळ काठ मोकळा ठेवावा, हे ठरविण्यास पक्ष्यांच्या हालचालींच्या नोंदीइतके विश्वसनीय साधन दुसरे नाही. ठाण्याच्या खाडीत जे सहा रोहितांनी दाखविले, ते नाथसागरावर चक्रवाक आणि कादंब हंस दाखवू शकतील.

शेतात, तलावाकाठी किंवा गोशाळेच्या आवारात कोणास पायात वाळे, मानेत क्रमांकाचा रंगीत पट्टा किंवा पाठीवर यंत्र असलेला पक्षी दिसल्यास त्याला धरू नये. त्याचे छायाचित्र काढावे. वाळ्यावरील किंवा पट्ट्यावरील अक्षरे व अंक, पट्ट्याचा रंग, तारीख, गाव आणि तालुका लिहून ठेवावा. पक्षी जखमी असेल तर वनविभागाला कळवावे. मृत असेल तर वाळे सांभाळून ठेवावे. ही माहिती मुंबईस बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठविली म्हणजे त्या पक्ष्याला वाळे कोणी, कोठे व कोणत्या वर्षी घातले होते, याचा शोध तेथून घेता येतो.